अलेक्झांडर पोव्हेत्किन: उंच प्रतिस्पर्ध्यांच्या गटात एका बुटक्या हेवीवेटची कारकीर्द

प्रश्न असा आहे: अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुपर हेवीवेट या सर्वांत वरच्या वजनगटाचे सुवर्णपदक जिंकणारा रशियाचा अलेक्झांडर पोव्हेत्किन व्यावसायिक मुष्टियुद्धात निर्विवाद जगज्जेता का होऊ शकला नाही, आणि हौशी मुष्टियुद्धात अंगवळणी पडलेल्या सवयीच त्याच्या आड आल्या, असे मानावे का? प्रश्न विचारणाऱ्या पालकांचा मुलगा सर्वांत वरच्या वजनगटात खेळतो, त्या गटाच्या मानाने त्याची उंची कमी आहे आणि त्याने पोव्हेत्किनला आदर्श मानले आहे. मी अनेक वर्षे मुष्टियुद्धाचे प्रशिक्षण देत आलो आहे आणि या खेळाडूच्या लढती माझ्या विद्यार्थ्यांना नियमाने दाखवतो. त्यामुळे हे उत्तर थोडे लांबेल.

माझे मत आधीच सांगतो. हौशी मुष्टियुद्धातले शिक्षण त्याच्या आड मुळीच आले नाही. चाळिशीतही तो ज्या भांडवलावर लढत होता, ते सगळे तिथेच कमावलेले होते. त्याचे यश आणि त्याचे मोठे पराभव हे दोन्ही अंतर या एकाच मुद्द्यावर उलगडतात. त्याची उंची १८८ सेंटिमीटर आणि हातांचा पल्ला साधारण १९१ सेंटिमीटर. त्याच्या काळातले आघाडीचे हेवीवेट (व्यावसायिक मुष्टियुद्धातला सर्वांत वरचा गट) १९८ सेंटिमीटर आणि त्याहूनही उंच होते. प्रत्येक मोठ्या लढतीत त्याला आधी ते अंतर पार करावे लागत होते आणि मग मुष्टियुद्ध सुरू होत होते. कारकिर्दीचा हिशेब मांडताना उत्तेजक चाचण्यांचे प्रकरणही वगळता येत नाही. त्याकडे पुढे येतो.

त्याचा जन्म २ सप्टेंबर १९७९ रोजी कुर्स्क या शहरात झाला. मुष्टियुद्धाबरोबर त्याने किकबॉक्सिंगमध्येही स्पर्धा गाजवल्या, आणि त्याच्या पायांची मोकळीक पाहताना याचा उपयोग झाला असावा असे मला नेहमी वाटते. २००२ मध्ये पेर्म येथे तो युरोपीय विजेता झाला, २००३ मध्ये बँकॉकला जगज्जेता आणि २००४ मध्ये पुला येथे पुन्हा युरोपीय विजेता. त्याच वर्षी अथेन्समध्ये ऑलिंपिक सुवर्ण मिळाले. अथेन्सच्या उपांत्य फेरीत त्याने इटलीच्या रोबेर्तो कामारेल्लेला हरवले आणि अंतिम फेरीत इजिप्तचा मोहम्मद अली दुखापतीमुळे उतरू न शकल्याने त्याला न लढताच सुवर्ण मिळाले. यावरून काहीजण त्या पदकाला कमी लेखतात, ते मला पटत नाही. जो कामारेल्ले उपांत्य फेरीत हरला, तोच २००८ मध्ये बीजिंगला याच गटाचा ऑलिंपिक विजेता झाला. शिवाय १९८४ मध्ये ऑलिंपिकमध्ये हा गट सुरू झाल्यापासून ते सुवर्ण ना सोव्हिएत संघाला मिळाले होते, ना रशियाला. मुष्टियुद्धाची एवढी मोठी परंपरा असलेल्या देशाला पोव्हेत्किनने ते पहिल्यांदा मिळवून दिले.

त्या काळच्या हौशी मुष्टियुद्धाचे नियम समजून घेतल्याशिवाय या पदकाचे मोल कळत नाही. दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या असत आणि रिंगभोवती बसलेल्या पाच परीक्षकांपैकी किमान तिघांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबले तरच गुण मिळत असे. या पद्धतीत लांबून मारलेला, सगळ्यांना स्पष्ट दिसणारा सरळ ठोसा गुण मिळवून देई. जवळ जाऊन पोटात मारलेले ठोसे किंवा झपाट्याने मारलेली चार-पाच ठोशांची साखळी बहुधा मोजलीच जात नसे. म्हणजे नियमच लांब हातांच्या बाजूचे होते. अशा पद्धतीत १८८ सेंटिमीटरचा माणूस सुपर हेवीवेटमध्ये जिंकत होता, तो पायांच्या जोरावर. सोव्हिएत परंपरेतले प्रशिक्षक खेळाडूला सतत पुढे-मागे हलणारी, पंजांवरची एक लय शिकवतात. त्या लयीत अर्धे पाऊल मागे जाऊन प्रतिस्पर्ध्याचा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) हवेत जाऊ द्यायचा आणि त्याचा हात परत जात असतानाच आत शिरायचे. कुस्तीत बुटका मल्ल उंच मल्लाच्या हाताखालून पटात शिरतो, त्याच्या जवळ जाणारी ही हुशारी आहे. पोव्हेत्किन आत शिरला की पहिला ठोसा सरळ आणि परीक्षकांना दिसेल असा मारत असे, आणि त्याला जोडून लगेच डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने फिरवलेला ठोसा. हा क्रम त्याने पुढे कधीच सोडला नाही.

जून २००५ मध्ये त्याने जर्मनीत व्यावसायिक पदार्पण केले. सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या लढती जर्मन आयोजकांच्या छत्राखाली झाल्या. व्यावसायिक लढतीत डोक्यावरचे संरक्षक कवच जाते, फेरी तीन मिनिटांची होते आणि मोठी लढत बारा फेऱ्यांची असते. हौशी खेळाडूंची दमछाक इथे होते, कारण आठ मिनिटांत संपवायचा वेग छत्तीस मिनिटे पेलवत नाही. पोव्हेत्किनने हे स्थित्यंतर फार लवकर साधले. २७ ऑक्टोबर २००७ रोजी एर्फुर्टमध्ये त्याने माजी विजेता ख्रिस बर्डला गाठले. बर्ड डावखुरा, निसटता आणि अनुभवी होता. पोव्हेत्किनने फेरीमागून फेरी दबाव कायम ठेवला आणि अकराव्या फेरीत बर्डच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकांनी लढत थांबवली. पुढच्या जानेवारीत बर्लिनमध्ये एडी चेंबर्सविरुद्ध सुरुवातीच्या फेऱ्या त्याला जड गेल्या, कारण चेंबर्सचे हात जास्त चपळ होते. पण मध्यानंतर चेंबर्स मागे सरत राहिला आणि पोव्हेत्किनची कामाची गती टिकून राहिली. निर्णय एकमताने त्याच्या बाजूने लागला. या विजयाने तो आयबीएफ (जागतिक विजेतेपद देणाऱ्या संघटनांपैकी एक; डब्ल्यूबीए आणि डब्ल्यूबीसी याही तशाच) विजेता व्लादिमीर क्लिच्कोचा अधिकृत आव्हानवीर ठरला.

माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतले खरे नुकसान इथून पुढच्या तीन वर्षांत झाले. डिसेंबर २००८ मध्ये मानहाइम येथे ठरलेली क्लिच्कोविरुद्धची लढत घोट्याच्या दुखापतीमुळे हुकली. तो सरावासाठी धावताना पडला होता. २०१० मध्ये पुन्हा जुळून आलेली लढतही झाली नाही. त्या वेळी अमेरिकी प्रशिक्षक टेडी ॲटलस त्याच्यासोबत होते आणि पोव्हेत्किन क्लिच्कोसाठी अजून तयार नाही, असे त्यांचे मत होते. ॲटलस यांनी त्याच्या गार्डवर (हातांनी स्वतःचा बचाव करण्यावर) आणि डोके हलवत ठेवण्यावर बरेच काम केले, हे नंतरच्या लढतींत दिसते. पण हेवीवेटला एकोणतिसाव्या ते बत्तिसाव्या वर्षांत जी धार असते, ती या काळात दुय्यम प्रतिस्पर्ध्यांवर खर्ची पडली.

ऑगस्ट २०११ मध्ये त्याला डब्ल्यूबीएचा पट्टा, म्हणजे विजेतेपद, मिळाला, त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. त्याच वर्षी जुलैमध्ये क्लिच्कोने डेव्हिड हेला हरवल्यावर डब्ल्यूबीएने क्लिच्कोला ‘सुपर’ विजेता म्हटले आणि ‘नियमित’ विजेतेपद रिकामे झाले. ते पोव्हेत्किनने एर्फुर्टमध्ये उझबेकिस्तानच्या रुस्लान चगायेवला गुणांवर हरवून जिंकले. चगायेव स्वतः २००१ चा हौशी जगज्जेता होता, त्यामुळे विजय दर्जेदार होता. तरीही गटातला पहिल्या क्रमांकाचा माणूस कोण, हे त्या रात्री ठरले नव्हते, आणि पोव्हेत्किनच्या चाहत्यांनी ते मान्य करायला हवे. त्याने सेड्रिक बॉसवेल, मार्को हूक, हासिम रहमान आणि आंद्झेई वावझिक यांच्याविरुद्ध हा पट्टा राखला. यातली फेब्रुवारी २०१२ ची श्टुटगार्टमधली हूकविरुद्धची लढत चिंतेची होती. हूक खालच्या क्रूझरवेट गटातून आलेला होता, पण त्याने उत्तरार्धात पोव्हेत्किनला अनेकदा हलवले, आणि निकाल बहुमतानेच लागला. दमलेला पोव्हेत्किन पाय थांबवून उभा राहतो आणि तेव्हा त्याचे डोके सरळ रेषेत सापडते, ही गोष्ट तिथे उघड झाली. या लढतीआधीच ॲटलस आणि तो वेगळे झाले होते.

क्लिच्कोशी गाठ अखेर ५ ऑक्टोबर २०१३ रोजी मॉस्कोच्या ओलिम्पीस्की सभागृहात पडली. रशियन उद्योजक आंद्रेई र्‍याबिन्स्की यांनी लढतीच्या हक्कांसाठी सुमारे २.३ कोटी डॉलरची बोली लावली होती. एक १९९६ चा ऑलिंपिक विजेता, दुसरा २००४ चा; दोघेही अपराजित गणले जावेत अशा भरात होते, पण क्लिच्कोच्या खात्यात जुने पराभव होते आणि त्या पराभवांतून तो एक शिस्त शिकला होता. ती शिस्त पोव्हेत्किनच्या पूर्ण विरोधात जाणारी होती. क्लिच्को डावा हात पुढे ताठ ठेवून अंतर बांधून घेई, आणि पोव्हेत्किन त्या हाताखालून आत आला की त्याला मिठी मारून मानेवर आपले सगळे वजन टाकी. दुसऱ्या फेरीत पोव्हेत्किन एकदा खाली गेला, सातव्या फेरीत तीनदा. तो प्रत्येक वेळी उठला आणि बाराव्या फेरीपर्यंत पुढेच येत राहिला. ढकलण्याबद्दल क्लिच्कोचा एक गुण अकराव्या फेरीत कापला गेला, पण तोपर्यंत फार उशीर झाला होता. तिन्ही परीक्षकांचे गुण ११९-१०४ असेच होते.

पंचांनी मिठ्या मारू देऊन अन्याय केला, असे अनेक जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. इशारे फार उशिरा दिले गेले. पण प्रशिक्षक म्हणून मला दिसते ते वेगळे आहे. पोव्हेत्किन त्या रात्री सरळ रेषेत, डोके खाली घालून आत येत होता. डोके खाली घातले की प्रतिस्पर्ध्याला मानेवर टेकायला जागा आपणच देतो. अथेन्सच्या काळातली अर्धे पाऊल मागे जाऊन आत शिरण्याची लय त्याने सोडली होती आणि केवळ निर्धाराने अंतर कापायचा प्रयत्न चालवला होता. मिठीत सापडल्यावर मोकळ्या हाताने पोटात मारत राहणे, खांदा खाली घेऊन बाजूला वळणे, ही कामेही फारशी झाली नाहीत. म्हणून मी म्हणतो की हौशी सवयींमुळे तो हरला नाही, त्यातली सर्वांत चांगली सवय तिथे सुटल्यामुळे त्याचे नुकसान जास्त झाले.

यानंतरची दोन वर्षे मला त्याच्या कारकिर्दीतली सर्वोत्तम वाटतात. ३० मे २०१४ रोजी त्याने मानुएल चारला सातव्या फेरीत एका अप्रतिम साखळीने झोपवले. ऑक्टोबरमध्ये कार्लोस ताकामने त्याला पहिल्या पाच-सहा फेऱ्या खरा त्रास दिला, पण दहाव्या फेरीत ताकामही बाद झाला. मे २०१५ मध्ये क्युबात तयार झालेला माइक पेरेझ अवघ्या ९१ सेकंदांत संपला आणि पोव्हेत्किन डब्ल्यूबीसी विजेता डिओंटे वाइल्डरचा आव्हानवीर झाला. नोव्हेंबरमध्ये कझानला त्याच्यापेक्षा कितीतरी उंच असलेल्या मारिउश वाखची लढत बाराव्या फेरीत थांबवावी लागली. या लढतींत त्याचा डावा हात पाहावा: आधी पोटाकडे हुक, पुन्हा पोटाकडे, आणि प्रतिस्पर्ध्याचे कोपर खाली आले की तोच हात वर जबड्याकडे. पाय पुन्हा हलू लागले होते आणि आत शिरताना डोके मधल्या रेषेतून बाहेर जात होते.

वाइल्डरविरुद्धची लढत २१ मे २०१६ रोजी मॉस्कोत व्हायची होती. त्याआधी एप्रिलमध्ये घेतलेल्या नमुन्यात मेल्डोनियम या औषधाचा अंश सापडला आणि लढत रद्द झाली. हे द्रव्य १ जानेवारी २०१६ पासून बंदी घातलेल्या यादीत आले होते. ते आपण त्याआधी घेतले होते, अशी पोव्हेत्किनच्या बाजूची भूमिका होती. बंदीनंतर ते घेतले गेले हे निश्चित सांगता येत नाही, असे डब्ल्यूबीसीने ऑगस्टमध्ये मानले. मात्र वाइल्डरच्या बाजूने केलेल्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयातील ज्युरींनी फेब्रुवारी २०१७ मध्ये उलट निष्कर्ष काढला. दरम्यान डिसेंबर २०१६ मध्ये बर्मेन स्टिव्हर्नविरुद्धच्या लढतीपूर्वीच्या नमुन्यात ऑस्टरिन हे बंदी असलेले द्रव्य सापडले. स्टिव्हर्न लढला नाही, ऐनवेळी आलेल्या जोहान दुओपाला पोव्हेत्किनने सहाव्या फेरीत बाद केले, पण त्या लढतीला डब्ल्यूबीसीची मान्यता नव्हती. पुढे डब्ल्यूबीसीने त्याच्यावर बेमुदत निलंबन आणि अडीच लाख डॉलरचा दंड लादला. निलंबन नंतर उठले. जाणूनबुजून काही घेतल्याचे त्याने नाकारले.

मला हा खेळाडू मनापासून आवडतो, आणि तरीही या प्रकरणावर पांघरूण घालणे मला योग्य वाटत नाही. एका वर्षात दोन वेगवेगळी द्रव्ये सापडणे ही गंभीर बाब आहे. जागतिक विजेतेपदाची त्याची दुसरी आणि बहुधा सर्वांत चांगली संधी त्यातच गेली, आणि त्या काळातल्या विजयांकडे पाहताना मनात शंका उरते. आपल्या मुलालाही हा भाग वगळून पोव्हेत्किनची गोष्ट सांगू नये. ऑस्टरिनसारखी द्रव्ये स्नायू वाढवण्याच्या नावाखाली व्यायामशाळांमधून मिळणाऱ्या पूरक पदार्थांतही आढळतात, आणि राष्ट्रीय स्पर्धेत नाडाच्या (देशातील उत्तेजकविरोधी संस्थेच्या) चाचणीसमोर ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर खेळाडूला वाचवत नाही. डबा कोणी दिला, हे महत्त्वाचे ठरत नाही. शरीरात काय सापडले, याची जबाबदारी खेळाडूचीच असते.

२०१८ मध्ये तो ब्रिटनमध्ये लढू लागला. मार्चमध्ये कार्डिफला डेव्हिड प्राइसने तिसऱ्या फेरीच्या शेवटी त्याला डाव्या हुकने दोरांवर फेकले होते. पाचव्या फेरीत पोव्हेत्किनने त्याला निपचित पाडले. २२ सप्टेंबरला वेम्बली मैदानावर त्याच्यासमोर २०१२ चा ऑलिंपिक विजेता अँथनी जोशुआ उभा होता. वजनकाट्यावर जोशुआ २४६ पौंड, पोव्हेत्किन २२२ पौंड. म्हणजे जवळपास ११ किलोंचा फरक, आणि वयात दहा वर्षांचा. तरीही पहिल्याच फेरीत पोव्हेत्किनच्या डाव्या अपरकटने (खालून वर मारलेल्या ठोशाने) आणि पाठोपाठच्या हुकने जोशुआच्या नाकातून रक्त काढले. सुरुवातीच्या फेऱ्यांत तो क्लिच्कोविरुद्धच्यापेक्षा कितीतरी हुशारीने आत शिरत होता. जोशुआने मग एक साधी पण महत्त्वाची दुरुस्ती केली: त्याने जॅब डोक्याऐवजी पोटाकडे वळवला. पोटाकडे येणारा जॅब चुकवायला डोके हलवून भागत नाही, संपूर्ण शरीर मागे न्यावे लागते, आणि एकोणचाळीस वर्षांच्या पायांना ते फेरीमागून फेरी करणे कठीण असते. सातव्या फेरीत उजवा ठोसा बसला, पोव्हेत्किन पडला, उठला, आणि पुढच्या माऱ्यात पंचांनी लढत थांबवली.

ह्यूई फ्युरीविरुद्धचा २०१९ मधला गुणांवरचा विजय आणि डिसेंबरमध्ये सौदी अरेबियातील दिरिया येथे मायकल हंटरशी झालेली बरोबरी यांत सांगण्यासारखे फार नाही. हंटरने पहिल्या फेऱ्यांत त्याला चांगलेच हादरवले होते आणि म्हातारपण दिसू लागले होते. मग आली २२ ऑगस्ट २०२० ची लढत. साथीच्या निर्बंधांमुळे इंग्लंडमधील ब्रेंटवूड येथे, आयोजकांच्या कार्यालयाच्या बागेत प्रेक्षकांशिवाय ती झाली. डिलियन व्हाइटने चौथ्या फेरीत त्याला दोनदा पाडले. पाचवी फेरी सुरू होऊन अर्धा मिनिट होतो न होतो तोच पोव्हेत्किनने डावीकडे झुकून मारलेल्या अपरकटने व्हाइट जागीच बाद झाला. पोव्हेत्किनच्या एक्केचाळिसाव्या वाढदिवसाला तेव्हा दोन आठवडेही उरले नव्हते. परतीची लढत नोव्हेंबरमध्ये होती, पण त्याला कोरोना झाला आणि रुग्णालयात राहावे लागले. २७ मार्च २०२१ रोजी जिब्राल्टरला तो रिंगमध्ये आला तेव्हा त्याचे पाय पहिल्या फेरीपासूनच अस्थिर होते, आणि व्हाइटने चौथ्या फेरीत काम संपवले. माझ्या मते त्या रात्री त्याला लढू द्यायला नको होते. जूनमध्ये तो निवृत्त झाला. एकूण ४० लढती, ३६ विजय, त्यांतले २५ नॉकआउटने, ३ पराभव आणि एक बरोबरी.

आता मुलासाठी काय घ्यावे ते सांगतो. उंची कमी आहे म्हणून त्याला केवळ जवळून मारायला शिकवू नका. आधी अंतराच्या बाहेर उभे राहून प्रतिस्पर्ध्याचा जॅब चुकवायला लावा, आणि ठोसा न मारता नुसते आत-बाहेर जाण्याचा सराव रोज काही फेऱ्या करू द्या. मिठीतून सुटण्याचा सराव वेगळा घ्या, कारण उंच प्रतिस्पर्धी तेच शस्त्र वापरणार आहे. लढती दाखवताना ताकामची आधी दाखवा, मग क्लिच्कोची, आणि दोन्हीत आत शिरताना डोके कुठे आहे ते त्यालाच वहीत लिहायला सांगा. व्हाइटविरुद्धची पहिली लढत शेवटी दाखवा आणि तीही पहिल्या फेरीपासून. तिथे पोव्हेत्किन आधीच्या फेऱ्यांत डावीकडे झुकून पुन्हा पुन्हा पोटाकडे मारतो, आणि पाचव्या फेरीत तसाच झुकतो तेव्हा व्हाइटला पोटाकडच्याच ठोशाची अपेक्षा असते.